लिटलकोट हाउस हॉटेल आणि मदर बार्न्सची जबानी

माझी सगळी नोकरी लेबर वॉर्डात गेली. आधी मिरजेत आणि लग्नानंतर इंग्लंडात. त्यामुळे विल्टशरमधल्या लिटलकोट हाउसच्या भुताची जी गोष्ट सगळीकडे सांगितली जाते, ती मला नुसती भुताची गोष्ट म्हणून ऐकताच येत नाही. ती एका बाळंतपणाची गोष्ट आहे, आणि तिच्यात एक सुईण आहे. या हॉटेलातल्या खोल्या, जेवण, बागा यांबद्दल सांगेनच, पण थोडक्यात. ज्या कारणासाठी तिथे जावं असं मला मनापासून वाटतं, ते कारण म्हणजे ही सुईण.

आम्ही दोघी गेलो होतो, मी आणि साताऱ्याहून आलेल्या माझ्या थोरल्या जाऊबाई. जाऊबाईंचा भुतांवर पूर्ण विश्वास आहे, माझा नाही. पण भुताच्या गोष्टी आम्हा दोघींनाही सारख्याच आवडतात.

लंडनला पॅडिंग्टनला गाडीत बसलं की रेडिंग, न्यूबरी आणि पुढे हंगरफर्ड. तिथे उतरून टॅक्सी. स्वतःच्या गाडीने येणार असाल तर एम-४ वरून १४ नंबरच्या जंक्शनला बाहेर पडा. हंगरफर्ड गाव बर्कशरमधलं, पण हॉटेल विल्टशरच्या हद्दीत, केनेट नदीच्या काठी. शेवटचे काही मैल शेतांमधून आणि झाडांखालून जातात, आणि मग एकदम लांबच लांब लाल विटांचा दर्शनी भाग समोर येतो. जाऊबाई गाडीतूनच म्हणाल्या, “अगं, एवढ्या घरात माणसं एकमेकांना सापडायची तरी कशी?”

ही विटांची बाजू सर जॉन पॉपम याने बांधून घेतली आणि ती १५९२ मध्ये पुरी झाली. जिच्यामुळे हे घर ओळखलं जातं ती घटना १५७५ च्या सुमाराची मानतात, म्हणजे विटा लागण्याच्याही आधीची. त्या वेळी घर डॅरेल घराण्याचं होतं. १४१५ मध्ये एका डॅरेलने इथल्या काल्स्टन घराण्यातल्या एलिझाबेथशी लग्न केलं आणि जमीनजुमला त्यांच्याकडे आला. गारगोटीच्या दगडांत बांधलेला जो जुना भाग आहे, तो त्यांच्या काळातला. आठव्या हेन्रीची तिसरी राणी जेन सीमोर, तिची आजी याच डॅरेल घराण्यातली. हेन्री आणि जेन इथल्या बागेत भेटत असं सांगतात. पाहुण्यांना ही कथा फार आवडते, पण मला तिच्यात फारसं काही सापडलं नाही.

आता मूळ गोष्ट. हॉटेलात घराची माहिती सांगत फिरवतात. तिथे ऐकलेली आणि पुस्तकांतून पसरलेली कथा साधारण अशी आहे.

नोव्हेंबरमधली पावसाची रात्र. एक म्हातारी सुईण आपल्या झोपडीत चुलीपाशी बसली आहे. दारावर जोराची थाप पडते. बाहेर घोडेस्वार. एका मोठ्या घरची बाई अडली आहे, बक्षीस भरपूर मिळेल, पण डोळ्यांवर पट्टी बांधून यावं लागेल. ती जाते. पट्टी सुटते तेव्हा ती एका मोठ्या शयनगृहात असते. पलंगावर कळा देणारी बाई आणि शेजारी उग्र चेहऱ्याचा एक पुरुष. बाळ जन्मतं. तो पुरुष ते हिसकावून घेतो आणि शेकोटीत टाकतो. सुईण परत जाताना गुपचूप पलंगाच्या पडद्याचा एक तुकडा कापून घेते आणि जिना उतरताना पायऱ्या मोजते. त्या दोन खुणांवरून घर शोधलं जातं, लिटलकोट. तो पुरुष म्हणजे घराचा मालक विल्यम डॅरेल, ज्याला लोक ‘वाइल्ड डॅरेल’ म्हणत. खटला चालतो, न्यायाधीशाला लाच देऊन तो सुटतो, पण काही महिन्यांतच शिकारीला गेला असताना त्याच्या घोड्यासमोर जळतं बाळ उभं राहतं, घोडा बिथरतो आणि डॅरेल मान मोडून मरतो. ज्या जागी तो पडला तिला आजही ‘डॅरेल्स स्टाइल’ म्हणतात (स्टाइल म्हणजे कुंपण ओलांडायची पायरी). तेव्हापासून त्या आवारात डॅरेल घोड्यावरून फिरताना दिसतो, आणि घरात वरच्या जिन्यापाशी हातात बाळ घेतलेली एक बाई.

ऐकताना अंगावर काटा येतो हे खरं. पण ही कथा एका दमात कुणी रचलेली नाही, थर चढत चढत ती आजच्या रूपात आली आहे. आणि ते थर वेगळे करून बघता येतात, हीच या जागेची खरी श्रीमंती आहे. बहुतेक जुन्या हवेल्यांमध्ये भुताच्या मागे नुसती ऐकीव माहिती असते. इथे कागद आहेत.

सगळ्यात वरचा थर स्कॉटलंडचा कवी-कादंबरीकार वॉल्टर स्कॉट याचा. १८१३ मध्ये त्याने ‘रोकबी’ हे काव्य प्रसिद्ध केलं आणि त्याच्या टिपांमध्ये लिटलकोटची हकिकत दिली. पावसाळी रात्र, पडद्याचा तुकडा आणि मोजलेल्या पायऱ्या त्या हकिकतीतल्या आहेत. त्या काळी पाहुण्यांना एका खोलीत जुना, निळ्या कापडाचा पलंग दाखवत आणि पडद्याच्या खालच्या कडेला पुन्हा शिवलेला तुकडाही.

त्याच्या खाली जॉन ऑब्रीचा थर. हा सतराव्या शतकातला, विल्टशरचाच माणूस, थोरामोठ्यांच्या आठवणी टिपून ठेवणारा. त्याच्याकडे पडदा नाही, पायऱ्या नाहीत. त्याने लिहिलं आहे की सुईणीने किती वेळ घोड्यावरून आलो याचा हिशेब केला, आणि खोलीची उंची बारा फूट होती म्हणजे हे कुणातरी बड्या माणसाचं घर असणार हे ओळखलं. मग ती न्यायाधिकाऱ्याकडे गेली. लाचेचा आरोपही ऑब्रीनेच लिहून ठेवला आहे: न्यायाधीश पॉपमला डॅरेलचा जीव वाचवल्याच्या बदल्यात हे घर, बाग आणि जहागीर मिळाली.

आणि सगळ्यात खाली, या सगळ्याच्या तळाशी, सुईणीची जबानी. १५७८ च्या सुमाराची. तिचं नाव मदर बार्न्स, गाव ग्रेट शेफर्ड, बर्कशरमधलं. तिथल्याच ब्रिजेस नावाच्या न्यायाधिकाऱ्याने ती लिहून घेतली, आणि हा ब्रिजेस डॅरेलचा नातलग होता. जबानीत डॅरेलचं नाव नाही. लिटलकोटचंही नाही. तिला खोट्या नावावर नेलं होतं, अमुक सरदाराच्या बायकोकडे जायचंय असं सांगून. पलंगावरच्या बाईच्या तोंडावर मुखवटा होता. तिथल्या पुरुषाने तिला बजावलं की बाई सुखरूप सुटली तर ठीक, तिला काही झालं तर तुझा जीव जाईल. बाळ झालं तेव्हा गुंडाळायला काही नव्हतं, म्हणून तिने ते स्वतःच्या एप्रनमध्ये घेतलं. त्याने तिला बाळ आगीत टाकायला सांगितलं. ती गुडघ्यांवर बसली आणि म्हणाली की मला द्या, मी माझं म्हणून नेते. त्याने ऐकलं नाही.

आपल्या वॉर्डात काय काय पाहिलं ते आठवून मी या जबानीकडे बघते. स्कॉटच्या कथेतली सुईण हुशार गुप्तहेर आहे. ती पडदा कापते, पायऱ्या मोजते. सांगणाऱ्यांना तिची हुशारी फार आवडते. पण मूल जन्मल्यावर काम संपत नाही. वार पडायची असते. रक्त किती जातंय ते बघायचं असतं. आईचा चेहरा पांढरा पडतोय का, ती बोलतेय का, पोट हाताला घट्ट लागतंय का, हे सगळं त्या काही मिनिटांत. आणि इथे तर आई मेली तर आपणही मरणार ही धमकी. पुढ्यात नुकतंच मूल जळालेलं आहे. अशा वेळी पलंगाच्या पडद्याचा तुकडा कापायचं कुणाला सुचेल, यावर माझा विश्वास बसत नाही. बारा फुटांचं छत मात्र मला खरं वाटतं. बाईच्या कळा थांबून पुन्हा सुरू होईपर्यंत मध्ये वेळ असतो, आणि त्या वेळात आपण सगळेच कधीतरी वर बघतो.

आणि ती शेकोटी. गोष्ट सांगताना ती नुसती भयानक गोष्ट घडायची जागा असते. पण त्या काळी बाळंतिणीची खोली बंद, अंधारी आणि उबदार ठेवत, म्हणजे आग पेटवलेली असणारच. ती आग बाळासाठीच होती. नुकतं जन्मलेलं मूल ओलं असतं, झपाट्याने गार पडतं. आम्ही आजही सगळ्यात आधी त्याला कोरडं करून उबेत ठेवतो. मदर बार्न्स ते मूल एप्रनमध्ये घेऊन शेकोटीकडे वळली असेल ती उबेसाठीच, असंच मला वाटतं. कारण कोणतीही सुईण तेच करेल.

आणखी एक गोष्ट मला त्या घरात फिरताना सतत आठवत होती. सोळाव्या शतकात इंग्लंडमध्ये सुईणींना बिशपकडून परवाना दिला जाई आणि त्यासाठी शपथ घ्यावी लागे. १५६७ मध्ये कँटरबरीच्या आर्चबिशपसमोर एलिनॉर पीड नावाच्या सुईणीने घेतलेली शपथ आजही वाचायला मिळते. तिच्यात आहे की बाळ बदलू देणार नाही, बाळाला इजा होऊ देणार नाही, जादूटोणा करणार नाही, आणि मूल मरणाच्या दारात असेल तर साध्या पाण्याने त्याचा बाप्तिस्मा करेन. बाप्तिस्म्याशिवाय गेलेल्या बाळाचं पुढे काय होतं, याची त्या लोकांना खरीखुरी भीती होती. जळतं बाळ घोड्यासमोर का येतं, जिन्यावरची बाई अजून ते बाळ घेऊन का उभी आहे, याचं मूळ मला या भीतीत दिसतं.

जाऊबाईंना हे पटलं, पण त्यांनी वेगळी शंका काढली. त्यांच्या लहानपणी ऐकलेल्या गोष्टींत बाळंतपणात गेलेल्या बाईची अलवंतीण होते. “पण ही बाई तर मेली नव्हती ना तेव्हा? मग तिचं भूत कसं? आणि तिचं नाव काय गं?”

नावाच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे. एकोणिसाव्या शतकात लाँगलीटच्या, म्हणजे थिन घराण्याच्या मोठ्या वाड्यातल्या, कागदपत्रांत एक पत्र सापडलं. चार्ल्टनच्या सर हेन्री निव्हेटने २ जानेवारी १५७९ ला लाँगलीटच्या सर जॉन थिनला लिहिलेलं. थिनच्या पदरी बॉनम नावाचा माणूस होता आणि त्याची बहीण डॅरेलकडे राहत होती. निव्हेट विनंती करतो की बॉनमने आपल्या बहिणीला विचारावं: डॅरेलकडे तिला कसं वागवलं गेलं, तिला मुलं किती झाली, आणि त्यांचं काय झालं. कारण त्यातल्या एकाच्या खुनाची बोलवा वाढत चालली आहे. शिवाय मदर बार्न्सला नेताना ज्या घरचं नाव सांगितलं गेलं ते निव्हेटचंच होतं, म्हणजे त्यालाही या प्रकरणाचा छडा लागावा असं वाटायला कारण होतं.

किती झाली. म्हणजे एक नव्हे.

हे वाचल्यावर मला भूत किरकोळ वाटू लागलं. बॉनमची बहीण, एवढीच तिची ओळख उरली आहे. भावाने तिला विचारलं का, तिने काय सांगितलं, हे त्या पत्रात असणं शक्य नव्हतं. डॅरेलला शिक्षा झाली नाही. आणि कथेत म्हणतात तसा तो काही महिन्यांत मेलाही नाही. तो १५८९ पर्यंत जगला, म्हणजे मदर बार्न्सने जबानी दिल्यावरही दहा वर्षांहून जास्त. मधल्या काळात त्याच्यामागे शेजाऱ्यांशी वाद, कर्ज, कोर्टकचेऱ्या लागल्याच होत्या. त्याच्या आधी सर वॉल्टर हंगरफर्डच्या बायकोशी त्याचे संबंध असल्यावरून मोठं प्रकरण गाजलं होतं. लोकांना त्याने लगेच मरायला हवं होतं, म्हणून गोष्टीने त्याला लगेच मारलं. कोर्टाने जे केलं नाही ते जळत्या बाळाने केलं. भुताची गोष्ट लोक कशासाठी जपतात, ते मला इथे स्पष्ट कळलं.

आता पॉपमची बाजू. ऑब्रीचा आरोप जसाच्या तसा उभा राहत नाही, कारण डॅरेल मेला तेव्हा पॉपम न्यायाधीश नव्हताच. तो १५८१ पासून ॲटर्नी जनरल होता. लॉर्ड चीफ जस्टिस, म्हणजे मुख्य न्यायाधीश, झाला १५९२ मध्ये, ज्या वर्षी इथलं विटांचं काम संपलं त्याच वर्षी. डॅरेलला औरस वारस नव्हता, आणि आपल्या मागे जहागीर पॉपमला मिळेल अशी व्यवस्था त्याने केली होती. सरकारी वकिलांत सगळ्यात वरच्या जागी बसलेल्या माणसाला असं घर मिळालं, तर गावात बोलणारच. माझं मत विचाराल तर लाचेची थैली जशी सांगतात तशी कुणी दिली नसावी. पण ज्याच्यावर बाळाच्या खुनाचा संशय होता त्याची सगळी इस्टेट देशाच्या सगळ्यात ताकदवान वकिलाकडे जाते आणि खुनाचं प्रकरण पुढे सरकत नाही, यात गावकऱ्यांना जे दिसलं तेही मला चुकीचं वाटत नाही. याच पॉपमसमोर पुढे १६०३ मध्ये दर्यावर्दी वॉल्टर रॅलीचा आणि १६०६ मध्ये पार्लमेंट उडवून देण्याच्या कटातल्या गाय फॉक्सचा खटला चालला.

लोकांनी त्यालाही सोडलं नाही. सॉमरसेटमध्ये वेलिंग्टनला सांगतात की पॉपम घोड्यावरून एका खोल डबक्यात पडला आणि त्याचा आत्मा तिथे अडकला. तिथून तो वेलिंग्टनच्या चर्चकडे, आपल्या कबरीकडे परत निघाला आहे, पण वर्षाला फक्त कोंबड्याच्या एका पावलाएवढं अंतर कापायची त्याला परवानगी आहे. ही गोष्ट मी जाऊबाईंना रात्री जेवताना सांगितली, आणि डॅरेलपेक्षा ही शिक्षा त्यांना जास्त आवडली. “असंच पाहिजे,” म्हणाल्या. “चालू दे सावकाश.”

घर दाखवताना बाकीही बरंच दाखवतात आणि त्यातली एक गोष्ट मुळीच चुकवू नये: चॅपल. पॉपमचा नातू कर्नल अलेक्झांडर पॉपम सतराव्या शतकातल्या यादवी युद्धात राजाविरुद्ध, पार्लमेंटच्या बाजूने लढला. त्या काळात हे प्रार्थनागृह घडलं. वेदी नाही. जिथे वेदी असायची तिथे उंच व्यासपीठ, म्हणजे पूजेपेक्षा प्रवचनाला मान. पार्लमेंटच्या बाजूचा पुढारी क्रॉमवेल याच्या काळातलं असं पूर्ण टिकलेलं चॅपल इंग्लंडात हे एकच. आत गेल्यावर जाऊबाईंनी चपला काढायला हात खाली नेला होता. मला ते फार बरोबर वाटलं.

कर्नलच्या सैनिकांची चामड्याची अंगरखी आणि हत्यारं या घराच्या मोठ्या हॉलमध्ये शतकानुशतकं टांगलेली होती. १९८५ मध्ये घर विकलं गेलं तेव्हा तो संग्रह रॉयल आर्मरीज या शस्त्रास्त्रांच्या संग्रहालयाने विकत घेतला, त्यामुळे तो पाहायचा तर लीड्सला जावं लागतं. शंभर फुटांहून लांब अशी एक गॅलरी आहे. तिथे उभं राहून आम्ही दोघींनी दोन टोकांना जाऊन हळू आवाजात बोलून पाहिलं. १६८८ च्या डिसेंबरात ऑरेंजचा विल्यम, जो पुढे राजा जेम्सच्या जागी गादीवर आला, सैन्य घेऊन लंडनकडे निघाला असताना याच घरात उतरला होता. राजा जेम्सने पाठवलेल्या सरदारांशी त्याची बोलणी हंगरफर्डला झाली. आणि १९४३-४४ मध्ये अमेरिकेच्या १०१ व्या एअरबोर्न डिव्हिजनमधल्या ५०६ व्या पॅराशूट रेजिमेंटचं मुख्यालय इथे होतं. इथून निघालेली पोरं ६ जून १९४४ ला नॉर्मंडीत उतरली. इतकी तरणी माणसं या खोल्यांत राहून गेली, आणि तरीही जिन्यावर लोकांना ती बाईच दिसते.

बागेच्या पलीकडे, नदीकडच्या अंगाला, रोमन घराचे अवशेष आहेत. तिथे ग्रीक पुराणकथांतल्या ऑर्फियस या गायकाचं मोझेक, म्हणजे रंगीत तुकडे बसवून केलेलं चित्र, आहे, साधारण इसवी सन ३६० चं. १७२७ मध्ये इथल्या कारभाऱ्याला, विल्यम जॉर्जला, ते सापडलं. त्याने त्याची चित्रं काढली, त्याच्या मागे त्याच्या विधवा बायकोने त्यावरून रंगीत भरतकाम केलं, आणि मोझेक पुन्हा मातीखाली गेलं. लोकांना ते नष्ट झालं असंच वाटत होतं. १९७० च्या दशकात ते पुन्हा सापडलं, आणि बराच भाग मोडलेला असल्याने जुन्या चित्रांच्या आधारे नव्याने बसवावा लागला. मध्ये वीणेसारखं वाद्य घेतलेला ऑर्फियस, भोवती प्राण्यांवर बसलेल्या चार स्त्रिया, चार ऋतू. एका कारभाऱ्याच्या बायकोने सुई-दोऱ्याने टिपून ठेवलेली गोष्ट अडीचशे वर्षांनी उपयोगी पडावी, याचा मला फार आनंद झाला.

मी ठरवून सकाळी लवकर, नाश्त्याच्या आधी मोझेक पाहून आले, आणि घराची माहिती देणारी फेरी त्यानंतर घेतली. तुम्हीही असंच करा. फेरीत एवढी माणसं, एवढी सालं येतात की आधी थोडं मोकळं फिरून घेतलेलं बरं.

आता हॉटेलचं. हे मोठ्यांसाठीचं हॉटेल आहे, लहान मुलांना प्रवेश नाही. त्यामुळे नातवंडांसह जाता येणार नाही, पण पन्नाशी-साठीतल्या मंडळींची इथे गर्दी असते आणि सगळं त्यांच्या चालीने चालतं. कुणी घाई करत नाही. न्याहारी आणि रात्रीचं जेवण सहसा मुक्कामाच्या पैशांतच धरलेलं असतं. शाकाहारी असाल तर बुकिंगच्या वेळीच सांगून ठेवा. संध्याकाळी गाणी, करमणुकीचे कार्यक्रम असतात. निवांत बसून वाचायला जाणार असाल तर हे आधी माहीत असू द्या. आम्हाला एक संध्याकाळ ऐकायला मजा आली, दुसऱ्या संध्याकाळी आम्ही नदीकडे फिरायला गेलो.

खोल्या दोन तऱ्हेच्या आहेत, जुन्या घरातल्या आणि नव्या इमारतींमधल्या. नव्या सोयीच्या आहेत, गुडघे दुखणाऱ्यांनी त्याच घ्याव्यात, चढ-उतार कमी. पण इतक्या लांब या घरासाठीच जाणार असाल तर एक रात्र तरी जुन्या घरात काढा. लाकूड रात्री बोलतं. गार पडलं की जिने, फळ्या, दारं सगळं आवाज करतं. जाऊबाई मध्यरात्री उठून बसल्या आणि मला हाक मारली. बाहेर कुणीतरी चालतंय म्हणाल्या. मीही ऐकलं. पावलांसारखाच आवाज होता, थांबत थांबत येणारा. माझ्या मते ती लाकडी जमीन होती. त्यांच्या मते ती बॉनमची बहीण होती, आणि दाराकडे तोंड करून त्या अगदी साधेपणाने म्हणाल्या, “जा बाई, झोप आता.” मग आम्ही दोघीही झोपलो.

जिन्यापाशी मी दोन-तीनदा जाऊन उभी राहिले. मला काही दिसलं नाही. पण एक विचार मनात पक्का झाला, आणि तो हॉटेलवाल्यांनी फेरीत सांगावा असं मला वाटतं: इथे डॅरेल भूत होऊन आहे, आई भूत होऊन आहे, बाळ आहे, पॉपम आपल्या डबक्यातून निघालेला आहे. मदर बार्न्स मात्र कुणाच्याच गोष्टीत परत येत नाही. जिने ते मूल मागितलं, नाव माहीत नसताना, घर माहीत नसताना, जीव जायची भीती असताना सगळं सांगितलं, ती एकटीच सुटली. तिला जे करायचं होतं ते तिने जिवंतपणीच केलं. या गोष्टीतली सगळ्यात महत्त्वाची व्यक्ती कोण असं जाऊबाईंनी परतीच्या गाडीत विचारलं तेव्हा मला एक क्षणही विचार करावा लागला नाही.

वेळ असेल तर ग्रेट शेफर्ड जवळच आहे, एम-४ च्या उत्तरेला, आणि वाटेत सहज थांबता येतं. तिथे मदर बार्न्सच्या नावाचं काही शोधत बसू नका, नुसतं गाव बघा आणि तिथून लिटलकोटपर्यंत घोड्यावरून रात्रीचं किती अंतर पडलं असेल याचा अंदाज घ्या. गाडीतून फार वाटत नाही. लाँगलीट, जिथे ते पत्र सापडलं, तेही विल्टशरमध्येच आहे, पण दुसऱ्या टोकाला. त्यासाठी वेगळा दिवस ठेवा. खोली मात्र लवकर राखून ठेवा, जुन्या घरातल्या खोल्या थोड्या आहेत आणि शरद ऋतूत त्या आधी भरतात.